हरणाचं नाक

जयंतीच्या घरात फोडणीच्या आधी एक विधी होत असे. तेल तापत ठेवलं की ती हात पुसत पुढच्या दाराशी जायची, खुंट्यांवरची जॅकेटं, मफलर, टोप्या सगळं कपाटात कोंबायची आणि दार लावून वर एकदा ढकलून बघायची. मग बेडरूमची दारं. मग शेगडीवरचा पंखा. मग मोहरी. तेलाचा धूर निघाला तरी चालेल, पण कपाट उघडं असताना मोहरी पडायची नाही. केया लहान होती तेव्हा विचारायची, "आई, इज इट टाइम टू हाइड द कोट्स?" आणि लपंडाव असल्यासारखी स्वतःच धावत जाऊन कोट लपवून यायची.

याला कारण होतं. नाशिक सोडून ही मंडळी कॅनडातल्या सस्काटूनला आली. नंदन शहराबाहेरच्या पोटॅशच्या खाणीत मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून लागला आणि जयंतीला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम मिळालं. त्या पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी शेजारच्या खुर्चीतल्या बाईने सुगंधी फवाऱ्याचा डबा जयंतीच्या बाजूला सरकवून ठेवला. बोलली काही नाही. गोड हसली. जयंतीही हसली. मग वॉशरूममध्ये जाऊन कडी लावून तिने स्वतःच्या कोटाच्या बाह्या हुंगल्या. आदल्या संध्याकाळची लसणाची फोडणी होती. स्वतःच्या हातची, कालपर्यंत खमंग वाटलेली.

हे तिने नंदनला कधी सांगितलं नाही. त्यानंतर मात्र कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये एकाऐवजी दोन सुगंधी कागद पडू लागले. कोट वेगळे, घरातले कपडे वेगळे. महाराष्ट्र मंडळातल्या यामिनीने एकदा म्हटलंही होतं, "जयंतीकडे गेलं की हॉटेलात उतरल्यासारखं वाटतं. जेवण घरचं आणि टॉवेल हॉटेलचे." जयंतीला ते बिरुदासारखं वाटलं होतं. त्या डब्यानंतर तिच्या घरातल्या माणसांकडे बघून कुणी नाक मुरडलं नव्हतं.

आणि अशा बाईने, सगळं माहीत असून, ते केलं.

२०१०च्या सप्टेंबरमध्ये नंदन एका संध्याकाळी घरी आला तो बूटही न काढता स्वयंपाकघरात शिरला. "वॉल्टरने मला बोलावलंय. हंटिंगला. नोव्हेंबरमध्ये, जंगलातल्या त्यांच्या केबिनवर."

वॉल्टर म्हणजे त्याच्या शिफ्टचा फोरमन. आजा युक्रेनहून आलेला, हात फावड्यासारखे, मनाने मोकळा. दर शरद ऋतूत खाणीतले चारपाच जण त्याच्या केबिनवर हरणाच्या शिकारीला जात, आणि पुढचं वर्षभर जेवणाच्या सुट्टीत त्याच गप्पा चालत.

"तुम्ही? झुरळ मारायला मला हाक मारता."

"अगं, तसं नाही ते."

"मग कसं आहे? हरणाला जाऊन नमस्कार करणार का?"

नंदन खुर्ची ओढून बसला. "जयू, तेरा वर्षं मी त्यांच्या गप्पांना नुसती मान हलवतोय. काय बोलतात ते कळतं, पण मला त्यात जागा नाही. यंदा पहिल्यांदा माझं नाव कुणी घेतलं. नाही कसं म्हणू?"

मनात जयंतीने नाही म्हटलेलं होतं. नंदन बाहेर कधीमधी चिकन खायचा, ते तिला माहीत होतं. विकत आणलेलं खाणं वेगळं. आपल्या घरातून, आपल्या हातचा डबा घेऊन, आपण धुतलेले कपडे घालून माणूस जीव घ्यायला बाहेर पडणार, हे तिला गिळवत नव्हतं. शिवाय मंडळाची दिवाळी नेमकी शिकारीच्या दिवसांतल्या शनिवारी होती. दोन्हींतलं कुठलं जास्त टोचत होतं हे तिने स्वतःला विचारलं नाही.

नंदनने रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, परवाना काढला. बंदूक वॉल्टर देणार होता. नारिंगी जाकीट आलं, बूट आले. राहिले ते अंगालगतचे कपडे. त्यासाठी दोघं एका शनिवारी दुकानात गेली. नंदन दुर्बिणींच्या काउंटरवर अडकला आणि जयंती एकटीच थर्मल शर्टांच्या रांगेसमोर उभी राहिली. कपडा हा तिचा प्रांत होता.

दुकानातला म्हातारा सेल्समन शिकारीच होता. त्याने दोन शर्ट तिच्या हातात दिले. एक मेरिनो लोकरीचा, एक सिंथेटिक.

"मचाणावर तासन्‌तास हलायचं नाही, मॅडम. चढताना घाम येतो आणि मग बसल्यावर तोच घाम गारठवतो. ही लोकर ओली झाली तरी ऊब धरते."

"आणि हा?"

"हा चटकन सुकतो. टिकतो दणकट, कसाही धुवा. पण वास धरतो. दुसऱ्या दिवशीच कळतं." तो हसला. "मेरिनो तुम्ही आठवडाभर घाला, वास नाही. चालण्याफिरण्यासाठी कुठलाही घ्या. पण हरणासाठी विचाराल तर लोकर. हरणाला डोळ्यांनी तुम्ही झुडूप वाटाल, पण नाकाला फसवता येत नाही. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे गेला की संपलं."

जयंतीने लोकरीचा शर्ट गालाला लावून पाहिला. मऊ होता, टोचत अजिबात नव्हता. तिला आईची धाबळी आठवली. स्वयंपाकाच्या सोवळ्याची ती लोकरीची धाबळी आई रोज धूत नसे. विचारलं तर म्हणे, लोकर ओवळी होत नाही. आणि खरंच, त्या धाबळीला कधी वास आला नव्हता. सोवळ्याचं वस्त्र, आणि हे लोक ते घालून बंदूक धरतात.

तिने तो शर्ट परत रांगेत लावला आणि सिंथेटिकचे दोन जोड उचलले.

"लोकर का नाही घेतली?" नंदनने गाडीत विचारलं. "वॉल्टर म्हणत होता मेरिनो घे."

"तुम्हाला लोकर सोसते का? स्वेटर घातला की मान लाल होते."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते इतकं सहज बोलता आलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने ते शर्ट धुतले. ड्रायरमध्ये लॅव्हेंडरचे कागद टाकले, दोन नव्हे, चार. शर्ट घड्या घालून पिशवीत भरायचे, तर ती ते घेऊन स्वयंपाकघरात आली आणि खुर्च्यांच्या पाठींवर पसरले. मग कढई चढवली. कांदा, लसूण, खोबरं, गोडा मसाला. भाजत राहिली. पंखा लावला नाही.

केया पाणी प्यायला आली. सतरा वर्षांची पोर, कानात इअरफोन. थबकली. "आई? द क्लोजेट?"

"असू दे."

"बट बाबाज शर्ट्स..."

"असू दे म्हटलं ना. पाणी घे आणि जा."

केयाने खांदे उडवले आणि गेली. जयंतीने मसाला खाली उतरवला आणि एक शर्ट नाकाशी धरला. दवाखान्यातल्या वॉशरूममध्ये बाही हुंगली होती तसाच. या वेळी वास हवा तितका आला, तशी तिला बरं वाटलं. एका मुक्या जिवाचा प्राण वाचणार होता. पाप कसलं त्यात?

तीन दिवसांनी नंदन परत आला. हात रिकामे, नाक लाल, डोळ्यांखाली काळं. जयंतीने मनातल्या मनात देवापुढे साखर ठेवली.

"दोनदा आलं गं," तो चहा घेता घेता म्हणाला. "झाडीच्या कडेला, अगदी समोर. उभं राहिलं, नाक वर केलं, फुस्स केलं आणि शेपटी उंच करून पसार. दोन्ही वेळा तेच. मग तिसऱ्या दिवशी वॉल्टरने मला केबिनमध्येच बसवलं. भांडी घासली मी."

"का?"

"वास येतो म्हणे." तो हसला. "वॉल्टर म्हणाला, नंदन, तू रात्री काय जेवलास ते पार पलीकडच्या मॅनिटोबा प्रांतातल्या हरणांनाही कळलं. सगळे इतके हसले! मीही हसलो. काय करणार, आपल्या रक्तातच मसाला."

जयंतीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. हरणाला वास येईल, इतकाच तिने विचार केला होता. हरणामागे माणसं बसली आहेत आणि त्यांनाही नाकं आहेत, तोंडं आहेत, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. लक्षात यायला हवं होतं. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या यायला हवं होतं?

पुढच्या आठवड्यात नंदनने घरी एक कागद आणला. खाणीत कुणीतरी त्याच्या हेल्मेटवर चिकटवला होता. चित्र काढलं होतं छान: एक हरीण, नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेलं.

"बघ, हुबेहूब काढलंय की नाही?" म्हणत त्याने तो फ्रिजवर लावला.

"बाबा, दॅट्स नॉट फनी," केया म्हणाली. "यू शुड रिपोर्ट इट."

"अगं, गंमत करतात. आपला मानतात म्हणून करतात."

मग नाव पडलं, करी. तेही त्याने हसतच सांगितलं. पण डिसेंबरपासून तो डबा नेईनासा झाला. "ब्रेडमध्ये चीज घालून दे, गरम करायची कटकट नको." कामावरून आला की गराजमध्येच कपडे बदलायचा, उणे तिसात, कुडकुडत. आंघोळ सकाळी एक, संध्याकाळी एक. कातडी कोरडी पडून पायांवर भेगा आल्या. एकदा शेजारच्या घरी जाताना कोट चढवून तो दारातच थांबला, मान झुकवली आणि लहान मुलाने डोकं पुढे करावं तशी कॉलर तिच्यापुढे केली.

"बघ गं. येतो का?"

जयंतीने वास घेतला. साबणाचा आला. "नाही हो."

"नक्की? तुला सवय झाली असेल."

तिला तेव्हा सांगायचं होतं. शब्द जुळवलेही होते. पण काय सांगणार? की मी तुम्हाला वास लावून पाठवलं? हरणासाठी? आणि मग तो विचारणार, हरणासाठीच का, की मंडळाच्या दिवाळीला एकटी जावं लागलं म्हणून? दूध काढायला फ्रिजशी गेली की ते चिमटा लावलेलं हरीण तिच्याकडे बघायचं. वाचलेलं हरीण ते. दिवसातून दहा वेळा बघायचं. एकदा तिने कागद काढून टाकला, तर नंदननेच शोधून परत लावला. "राहू दे. काढला तर आपल्याला लागलं असं होईल."

घरात कोण बघणार होतं, हे तिने विचारलं नाही.

पुढच्या सप्टेंबरात वॉल्टरने परत बोलावलं. माणूस मनाने खरंच वाईट नव्हता. आपल्या थट्टेने कुणाला काही लागलंय असं त्याला वाटतच नव्हतं, इतकंच.

"मी नाही म्हणून टाकलं," नंदन म्हणाला. "माझ्यापायी त्यांचीही शिकार जाते."

म्हणजे जयंतीला हवं होतं तेच झालं. शिकार नाही, बंदूक नाही, दिवाळीला नवरा घरी. तिने पोळी लाटायला घेतली, आणि ती पोळी चार वेळा मोडून परत लाटली.

त्या शनिवारी ती एकटीच दुकानात गेली. तो म्हातारा सेल्समन होताच. तिने मेरिनोचे दोन जोड घेतले. "हरणासाठी ना?" त्याने विचारलं. तिने हो म्हटलं. आपण काय विकत घेतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. एक जीव त्या शर्टाबरोबर पिशवीत पडला होता.

"घ्या," तिने घरी येऊन नंदनसमोर ठेवले. "वॉल्टरला फोन करा, येतो म्हणून सांगा."

"अगं, पण तूच तर..."

"मी काय? जा म्हणतेय ना."

नोव्हेंबरात, नंदन निघायच्या आधी, हे शर्ट तिने बिनवासाच्या साबणाने हातांनी धुतले, थंड पाण्यात. ड्रायर नाही, कागद नाही. मागच्या अंगणात दोरीवर टाकले तर तासाभरात फळीसारखे कडक झाले, वाऱ्याने एकमेकांवर आपटून खडखडायला लागले. आठवडाभर घरात फोडणी झाली नाही. वरण-भात, उकडलेल्या भाज्या, दही. केया म्हणाली, "आर वी सिक?" जयंती म्हणाली, "पोटाला आराम." नंदन मुकाट जेवला. त्याला वाटलं बायको आपल्यासाठी इतकं करते आहे. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि जयंतीला ताटावरून मान वर करवत नव्हती.

नंदन गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला. "जयू! मिळालं! नर! चाळीस पावलांवर येऊन उभं राहिलं, मला ओळखलंच नाही गं!" मागे माणसांचा आरडाओरडा, त्यात वॉल्टरचा आवाज सगळ्यांवर. नंदनचा आवाज पंचवीस वर्षांचा झाला होता. "अभिनंदन," जयंती म्हणाली. आणि फोन ठेवून बेसिनपाशी गेली, उगाचच हात धुतले.

रविवारी तो आला. मांस घरी आणलं नव्हतं. "वॉल्टरच्या फ्रीजरमध्ये ठेवलंय. तुझ्या घरात नको." एवढा विचार त्याने केला होता. आणला तो शर्ट, एका बाहीच्या कडेला रक्ताचा डाग असलेला. जयंतीने तो बेसमेंटमधल्या टाकीत थंड पाण्यात बुडवला आणि दोन बोटांनी चोळत राहिली. रक्त आणि लोकर, दोन्हींना गरम पाणी चालत नाही. डाग गेला. पाणी आधी गुलाबी झालं, मग मातकट. तिने शर्ट नाकाशी धरला. ओल्या लोकरीचा मंद वास, बाकी काही नाही. घाम नाही, रक्त नाही. आई म्हणायची ते बरोबर होतं. लोकर ओवळी होत नाही. ते होणं बाईच्या वाट्याला येतं.

वर आली तर टेबलाशी नंदन केयाला सगळं सांगत होता. मग मध्येच थांबला आणि इंजिनिअरसारखा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "पण मला एक समजत नाही. मचाण तेच, वारा तोच, माणूस तोच. आठवडाभर बिनमसाल्याचं जेवलो म्हणून जन्माचा मसाला रक्तातून जातो का? मग बदललं काय? फक्त शर्ट." त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "म्हणजे वास मला येतच नव्हता. शर्टाला येत होता. जयू, ऐकलंस का? मला नाही, शर्टाला!"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षभर तो काय घेऊन हिंडत होता ते जयंतीने त्या क्षणी पुरतं पाहिलं.

"वेल, येस," केया फोनवरून बोट न काढता म्हणाली. "आईने किचनमध्ये ठेवले होते ना ते लास्ट इयर. चेअर्सवर. शी वॉज रोस्टिंग मसाला. आय टोल्ड हर."

नंदनने खुर्ची जयंतीकडे वळवली.

"केव्हा?" नंदनने विचारलं. केयाला नव्हे.

"तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी," जयंती म्हणाली.

"विसरलीस?"

हो म्हणायला फार सोपं होतं. तो दारच उघडून धरत होता. "नाही," ती म्हणाली. "विसरले नव्हते."

केयाने मान वर केली, दोघांकडे पाहिलं आणि उठून वर गेली. नंदन टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला. हरणाबद्दल तो काही बोलला नाही. दिवाळीबद्दलही नाही.

"मी गराजमध्ये कपडे बदलत होतो," तो शेवटी म्हणाला. "तू खिडकीतून बघत होतीस."

"हो."

"मी कॉलर पुढे केली होती. येतो का म्हणून."

"हो."

तो जेवला, ताट धुतलं, झोपायला गेला.

सोमवारी सकाळी जयंती उठली तेव्हा डबा ओट्यावर काढून ठेवलेला होता. चार कप्प्यांचा, वर्षभर वरच्या फळीवर पडलेला. तिने बटाट्याच्या काचऱ्या केल्या, लसूण ठेचला, तेल ठेवलं आणि सवयीने पुढच्या दाराकडे निघाली. नंदन समोरून येत होता, खाणीत घालायचं जॅकेट हातात. ते त्याने स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि शेजारी उभा राहिला.

"अहो, ते कपाटात..." तिने जॅकेटला हात घातला.

"राहू दे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. प्रेमही नव्हतं.

तेल धुरावलं. तो तिच्याकडे बघत उभाच होता. तिने जॅकेटवरचा हात काढला, आणि त्याच्या देखत मोहरी टाकली.